व्हील स्पीड सेन्सरचा येता-जाता फॉल्ट: नवा सेन्सर घेण्याआधी कुठे पाहायचं

खडबडीत वाटेवर एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागीच गरगरू न देणारी यंत्रणा) यांचे दिवे लागतात. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की विझतात. चार दिवस काही नाही, मग पुन्हा तेच. स्कॅनरवर एका चाकाच्या सेन्सरचा कोड असतो, म्हणून सेन्सर बदलला जातो. काही दिवस बरे जातात आणि तोच कोड परत येतो.

कोडमध्ये सेन्सरचं नाव असलं तरी एबीएस मॉड्यूलला, म्हणजे ही यंत्रणा चालवणाऱ्या कंट्रोल युनिटला, सेन्सर दिसत नसतो. त्याला दिसतो तो दोन वायरींवरून येणारा सिग्नल. त्या सिग्नलच्या वाटेवर टोन रिंग (चाकाबरोबर फिरणारी, दात किंवा चुंबकीय पट्टे असलेली कडी) आहे, रिंग आणि सेन्सरमधली फट आहे, सेन्सर आहे, त्याची हलती वायर आहे, कनेक्टर आहे आणि चासीवरचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, आहे. यात सेन्सर सीलबंद असतो आणि एका जागी घट्ट बसलेला असतो. सस्पेन्शनच्या प्रत्येक हालचालीबरोबर वाकते ती वायर, गंज धरते ती सेन्सरची बैठक आणि चिखलात फिरते ती रिंग. ऑफ-रोड गाडीत आधी संशय घ्यायचा तो या तिघांचा.

सेन्सर बदलल्यावर काही दिवस बरं का वाटतं, तेही यातच आहे. सेन्सर बदलताना कनेक्टर काढून परत लावला जातो, त्यामुळे पिना घासून स्वच्छ होतात. बैठकही थोडीफार साफ होते. सुधारणा याची असते आणि श्रेय मिळतं नव्या सेन्सरला.

फॉल्ट कधी येतो, हेच पहिलं मोजमाप

हत्यारं हातात घेण्याआधी दिवा नेमका कोणत्या स्थितीत लागला ते लिहून काढा: वेग, वळण, खड्डा, पाणी, इंजिन किती वेळ चालू होतं. तपासाची निम्मी वाट इथेच कमी होते.

खड्ड्यावर किंवा चाक खाली लोंबकळल्यावर कोणत्याही वेगाला दिवा लागत असेल तर वायर किंवा कनेक्टर. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवल्यावरच लागत असेल तर पुढच्या चाकाची वायर ताणली जाते किंवा कुठेतरी चेपते. वेगातल्या लांब वळणावर लागत असेल तर बेअरिंगकडे पाहा. उजव्या वळणात वजन डाव्या चाकांवर येतं, झिजलेला हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) किंचित कलतो आणि फट बदलते. पाण्यातून गेल्यावर किंवा धुतल्यावर लागतो आणि वाळल्यावर जातो, तर कनेक्टरमध्ये किंवा इन्सुलेशनच्या आत पाणी आहे. तासभर चालल्यावर, सगळं तापल्यावर लागतो, तर मात्र सेन्सरच्या आतली कॉइल तुटत असण्याची शक्यता खरी आहे.

एक लक्षण वेगळं ओळखा. कोरड्या पक्क्या रस्त्यावर थांबताना, अगदी शेवटच्या ५ ते १५ किमी वेगात, ब्रेक पेडल थरथरतं आणि एबीएसचा पंप घरघरतो. दिवा मात्र लागत नाही. एका चाकाचा सिग्नल कमी वेगाला गळतोय, मॉड्यूलला ते चाक लॉक झाल्यासारखं वाटतं आणि ते तिथला ब्रेक सोडतं. फट वाढलेली असणं किंवा टोन रिंगला तडा गेलेला असणं, ही त्याची दोन मुख्य कारणं. दिवा नाही म्हणून हे टाळू नका, कारण थांबण्याचं अंतर खरोखर वाढतं.

एबीएसचा दिवा एकटा असेल तर साधे ब्रेक चालू असतात, फक्त चाकं लॉक होऊ शकतात. त्याच्यासोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला, तर पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी करणारी यंत्रणा बंद झालेली असू शकते किंवा ब्रेक ऑइल कमी असू शकतं. अशा वेळी गाडी चालवत तपास करू नका.

कोड आणि लाइव्ह डेटा

इंजिनचेच कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर इथे कामाचा नाही. एबीएस मॉड्यूलपर्यंत पोहोचणारा हवा. कोडची भाषा कंपनीनुसार बदलते. टोयोटामध्ये सी०२०० म्हणजे पुढचं उजवं चाक, सी०२०५ पुढचं डावं, सी०२१० मागचं उजवं आणि सी०२१५ मागचं डावं. दुसऱ्या गाडीला हीच यादी लावू नका, तिचं मॅन्युअल पाहा. 'सर्किट' म्हणणारा कोड बहुधा तुटलेल्या किंवा शॉर्ट झालेल्या वायरीचा असतो. 'सिग्नल अनियमित' किंवा 'अशक्य वेग' अशा अर्थाचा कोड फट, रिंग आणि बेअरिंगकडे बोट दाखवतो. हा फरक फार उपयोगी आहे आणि बहुतेक वेळा तो वाचलाच जात नाही.

लाइव्ह डेटात, म्हणजे गाडी चालू असताना स्कॅनर दाखवतो त्या आकड्यांत, चारही चाकांचे वेग एकाच ग्राफवर लावा, दुसऱ्या माणसाला चालवायला द्या आणि मोकळ्या सपाट जागेत सरळ रेषेत २० किमीने जा. चारही रेषा एकमेकींवर पडायला हव्यात. मग अगदी हळू थांबा आणि पुन्हा हळू निघा. कोणती रेषा सगळ्यात आधी शून्यावर पडते आणि सगळ्यात उशिरा उठते, ते पाहा. तेच चाक आजारी.

स्कॅनरची मर्यादाही ध्यानात ठेवा. २६५/६५ आर१७ टायरचा परिघ साधारण २.४ मीटर. रिंगला ४८ दात धरले तर २० किमी वेगाला सेकंदाला ११० च्या आसपास पल्स येतात आणि चाक सेकंदाला सव्वादोन-अडीच फेरे मारतं. एका तुटक्या दाताचा खाडा त्या प्रत्येक फेऱ्यात एकदा, काही मिलिसेकंद टिकतो. सेकंदाला मोजक्याच वेळा आकडा दाखवणाऱ्या स्कॅनरवर तो दिसणार नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख क्षणाक्षणाला दाखवणारं उपकरण) लागतो, साधा दोन चॅनेलचाही पुरतो.

सेन्सर कोणत्या जातीचा, हे ठरवल्याशिवाय मीटर लावू नका

जुन्या गाड्यांत पॅसिव्ह सेन्सर असतो: चुंबक आणि त्याभोवती कॉइल. तो स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो आणि वेगाबरोबर ते वाढतं. साधारण ३ ते ५ किमीच्या खाली त्याचा सिग्नल वापरण्यासारखा नसतो. नव्या गाड्यांत अ‍ॅक्टिव्ह सेन्सर असतो. त्याला मॉड्यूलकडून वीज मिळते आणि तो करंट साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर या दोन पातळ्यांमध्ये बदलतो. तो जवळजवळ शून्य वेगापर्यंत काम करतो.

दोन्हींना दोनच वायरी असतात, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. कनेक्टर काढा, इग्निशन चालू करा आणि हार्नेसच्या बाजूला दोन पिनांमध्ये डीसी व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या जवळपास किंवा त्याहून थोडं कमी आलं तर सेन्सर अ‍ॅक्टिव्ह. पॅसिव्ह प्रणालीत इतकं व्होल्टेज नसतं, फार तर तपासणीसाठी दिलेलं थोडं.

पॅसिव्ह सेन्सरचा रेझिस्टन्स मोजता येतो. बहुतेक सेन्सर ८०० ते २,००० ओहमच्या मधे असतात, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे डाव्या-उजव्या सेन्सरचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. म्हणजे २० अंशांना १,००० ओहम असलेली कॉइल ८० अंशांना १,२३० च्या पुढे जाणं नैसर्गिक आहे. हेअर ड्रायरने सेन्सर गरम करताना आकडा संथ चढत गेला तर कॉइल चांगली. मधेच अनंत झाला किंवा उड्या मारू लागला तर कॉइल गेली. मग मीटर एसीवर ठेवून, चाक हाताने सेकंदाला एक फेरा या गतीने फिरवा आणि दोन्ही बाजूंची तुलना करा. एका बाजूला व्होल्टेज निम्मं असेल आणि कॉइल चांगली असेल, तर दोष फटीत आहे.

अ‍ॅक्टिव्ह सेन्सरचा रेझिस्टन्स मोजू नका. आकड्याला काही अर्थ नसतो आणि आतल्या सर्किटला इजा होऊ शकते. त्याऐवजी एक वायर जंपरने सरळ जोडा, दुसऱ्या वायरीत मीटर मिलिअँपिअरवर सिरीजमध्ये घाला आणि इग्निशन चालू करून चाक अगदी हळू फिरवा. आकडा ७ आणि १४ च्या आसपास आलटून-पालटून पडायला हवा. कनेक्टर काढलेला असताना मॉड्यूलने कोड टाकून सेन्सरची वीज तोडली असेल, तर कोड पुसून इग्निशन बंद-चालू करा. चाकाची दिशा ओळखणारे सेन्सर मात्र २८ मिलिअँपिअरचे छोटे पल्सही देतात. त्यांच्यावर मीटर गोंधळतो, तिथे ऑसिलोस्कोपच वापरा.

वायर: चाक लोंबकळू द्या

गाडी जमिनीवर उभी असताना केलेला वायरीचा तपास पुरेसा नाही. न उचललेल्या चाकांना ओट (पाचर) लावा, गाडी चासीवर उचलून स्टँडवर ठेवा आणि चाकं पूर्ण खाली लोंबकळू द्या. आता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. दोन्ही टोकांना सेन्सरच्या वायरीत ढील राहिलीच पाहिजे. सस्पेन्शन उंच केलेल्या गाडीत इथेच चोर सापडतो: ब्रेकच्या होजला लांबी मिळालेली असते, सेन्सरची वायर मात्र मूळ क्लिपांमध्येच ताठ झालेली असते. क्लिपचा ब्रॅकेट खाली किंवा आत सरकवून ढील मिळत असेल तर वायर जोडून लांब करण्यापेक्षा तेच करा. त्याच वेळी ब्रेक होजही ताणला जात नाही ना, ते पाहा. तुटलेल्या क्लिपच्या जागी घट्ट ओढलेला प्लॅस्टिक टाय लावू नका. त्याच्या कडेला वायर रोज एकाच जागी वाकते आणि आतून तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं.

मीटर किंवा लाइव्ह डेटा समोर ठेवून वायर सेन्सरपासून सुरू करून वीतभर वीतभर वाकवत, हलकी ओढत चला. आवरण एखाद्या जागी मऊ लागलं, जास्तच सहज वाकलं किंवा ओढल्यावर बारीक झालं, तर आत तांबं तुटलेलं आहे.

साधी कंटिन्युटी फसवते, कारण एक तार शिल्लक असली तरी मीटर वाजतो. खरा तपास भार टाकून होतो. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा, सेन्सर आणि मॉड्यूल दोन्हीकडचे कनेक्टर काढा. मग बॅटरीवरून १-२ अँपिअरचा फ्यूज लावून संशयित वायरीतून १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब पेटवा आणि बल्बची परतीची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. बल्ब पूर्ण उजेड देईल आणि वायरीवरची व्होल्टेजची घट ०.२ व्होल्टच्या आत राहील तर वायर चांगली. बल्ब पेटलेला असताना वायर हलवा. मॉड्यूल जोडलेलं असताना हे कधीच करू नका.

कनेक्टर आणि आत चढलेलं पाणी

कनेक्टर उघडल्यावर हिरवट पूड दिसली तर ती पुसून थांबू नका. पाणी वायरीच्या तारांमधून, आवरणाच्या आत, केशाकर्षणाने वर चढतं आणि तांबं काळं पडतं. अशी वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापावी लागते. कधी वीतभर, कधी त्याहून जास्त.

मादी पिनची पकडही तपासा. त्याच मापाची सुटी नर पिन हाताने आत सरकवा, थोडा अडसर जाणवला पाहिजे. जाड प्रोब खुपसून आधीच्या कुणी ती पिन पसरवून ठेवलेली असते. मोजणी करताना मागून बारीक पिन घाला, वायरीचं आवरण टोचू नका. त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी जातं.

पाण्यावरच येणारा फॉल्ट कोरड्या गाडीत शोधता येत नाही. लाइव्ह डेटा चालू ठेवून आधी साध्या पाण्याचा फवारा कनेक्टरवर, मग वायरीवर, मग सेन्सरवर मारा; प्रत्येक जागी थोडं थांबून. साध्या पाण्याने काही झालं नाही तर पाण्यात थोडं मीठ घाला. मिठाचं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि लपलेली चीर उघडी पाडतं. नंतर सगळं गोड्या पाण्याने धुऊन वाळवा. परत जोडताना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस रबर सीलवर पातळ लावा, कनेक्टर भरून टाकू नका.

बैठक, फट आणि रिंग

सेन्सर लोखंडी नकलमध्ये, म्हणजे चाकाचा हब धरून ठेवणाऱ्या भागात, बसतो. बैठकीवर गंजाचा थर चढला की तो सेन्सरला हळूहळू वर उचलतो. फट अनेक गाड्यांत ०.३ ते १.५ मिमीच्या दरम्यान ठरलेली असते, त्यामुळे अर्धा मिमी गंजही खूप झाला. पॅसिव्ह सेन्सरचं व्होल्टेज फट वाढली की झपाट्याने पडतं. हा दोष कमी वेगात दिसतो आणि वेग वाढला की नाहीसा होतो, तो यामुळेच.

सेन्सर काढताना बोल्ट सहसा लहान असतो, बहुतेक एम६. जाम सेन्सरला हातोडी मारू नका. गंज सोडवणारं तेल टाकून थांबा, मग डावी-उजवीकडे किंचित फिरवत वर घ्या. सेन्सर निघाला की त्याचं टोक पाहा: चुंबकाला लोखंडी कीस चिकटलेला असतो, तो कापडाने पुसा. भोक आणि वरची सपाट बैठक वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत घासा, पण आधी भोकात कापड घाला, नाहीतर गंजाची पूड रिंगवर पडेल. तांब्याचं किंवा धातूची पूड असलेलं ग्रीस इथे वापरू नका. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला कसा. एम६ साठी तो सहसा ८ ते १० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, आणि जास्त जोराने प्लॅस्टिकचा कान तुटतो.

आता रिंग. दातेरी लोखंडी रिंग असेल तर टॉर्च लावून चाक पूर्ण एक फेरा फिरवा आणि प्रत्येक दात पाहा. वाळलेला चिखल दातांमध्ये दगडासारखा बसतो, त्यात लोखंडी कण असले की सिग्नल आणखी बिघडतो. ड्राइव्हशाफ्टच्या जॉइंटवर दाबून बसवलेल्या रिंगखाली गंज फुगतो आणि रिंगला तडा जातो. तडा उघडला की तिथल्या दोन दातांमधलं अंतर वाढतं. हा तडा केसाएवढा असू शकतो, म्हणून रिंग ब्रशने साफ केल्याशिवाय 'ठीक आहे' म्हणू नका. तडा गेलेली रिंग चिकटवून किंवा वेल्ड करून चालवायची नाही, बदलायची.

अनेक नव्या गाड्यांत दात नसतात, बेअरिंगच्या सीलवरच चुंबकीय पट्टी असते. ती बाहेरून साध्या सीलसारखी दिसते आणि बेअरिंग बसवताना उलटी बाजू आत गेली तर सेन्सरला काहीच मिळत नाही. बेअरिंग नुकतंच बदललेलं असेल आणि कोड तेव्हापासून असेल तर हे पहिलं तपासा. चुंबकीय क्षेत्र दाखवणाऱ्या फिल्मवर एकसारखे पट्टे दिसायला हवेत. कुठे पट्टा पुसट किंवा ओरखडलेला असेल तर बेअरिंग पुन्हा बदलावं लागेल.

बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) चाक १२ आणि ६ वाजताच्या जागी धरून हलवून पाहा. हाताला स्पष्ट जाणवणारा प्ले असेल तर सेन्सरकडे वळण्याआधी तोच निस्तरा. सीलबंद हब असेल तर तो बदलावा लागतो, टेपर रोलर बेअरिंग असेल तर ते मॅन्युअलप्रमाणे कसता येतं.

एकाहून जास्त चाकांचे कोड एकदम आले तर

दोन-तीन सेन्सर एकाच क्षणी मरत नाहीत. मॉड्यूलची वीज, अर्थिंग आणि मोठा कनेक्टर पाहा. विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारी मोटर) ओढताना बॅटरीचं व्होल्टेज कोसळलं तरी असे कोड पडतात. जादा दिवे, कंप्रेसर आणि विंच यांच्या जाड वायरी सेन्सरच्या वायरीला बांधलेल्या असतील तर त्या सोडवून किमान १०० मिमी दूर न्या. पॅसिव्ह सेन्सरचा कमी वेगातला सिग्नल अगदी क्षीण असतो, शेजारच्या करंटचा आवाज त्यात सहज मिसळतो.

काही कोड फॉल्टचे नसतातच. गाडी चिखलात रुतून एक चाक बराच वेळ गरगरत राहिलं आणि बाकीची स्थिर, किंवा गाडी स्टँडवर ठेवून दोनच चाकं फिरवली, तर मॉड्यूल ते अशक्य वेग मानून कोड टाकू शकतं. पुसा आणि विसरा. टायरचंही तसंच: नवा ८ मिमी जास्त खोल नक्षीचा टायर व्यासात १६ मिमी मोठा असतो, म्हणजे वरच्या मापाच्या टायरला सुमारे २ टक्के. एवढं बहुतेक मॉड्यूल सांभाळून घेतात. पण २६५/६५ च्या तीन टायरांसोबत २३५/६५ ची स्टेपनी लावली तर फरक ५ टक्के होतो आणि दिवा लागू शकतो.

जोड आणि पडताळणी

चाकाजवळच्या वाकणाऱ्या भागात जोड देऊ नका. सोल्डर केलेली वायर डागाच्या कडेला ताठ होते आणि तिथेच पुन्हा तुटते. तो तुकडा पूर्ण बदला किंवा जोड चासीवरच्या स्थिर भागात न्या. तिथे क्रिंप करून (धातूच्या नळीत दोन टोकं दाबून जोडून) आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. दोन वायरींचे जोड एकासमोर एक न ठेवता पुढे-मागे ठेवा. मूळ वायरी पिळलेल्या असतील तर पीळ तसाच राखा. अ‍ॅक्टिव्ह सेन्सरच्या वायरी उलटसुलट झाल्या तर सिग्नल येत नाही, त्यामुळे रंग जुळवूनच जोडा.

काम झाल्यावर कोड पुसा. उभ्या गाडीत दिवा विझला नाही तर घाबरू नका, अनेक मॉड्यूल चाकांचा चांगला सिग्नल १० ते २० किमी वेगाला पाहिल्यावरच दिवा बंद करतात. मग गाडी सरळ रस्त्यावर नाही, तर कागदावर लिहून ठेवलेल्या मूळ स्थितीत न्या: तोच खड्डा, तेच वळण, तेच पाणी, तितकंच तापलेलं इंजिन.

तरीही तोच कोड आला, तर दोन्ही बाजूंचे सेन्सर एकाच पार्ट नंबरचे असल्यास अदलाबदल करा. कोड दुसऱ्या बाजूला गेला तर नवा सेन्सर घ्या. तिथेच राहिला, वायरीने भाराची परीक्षा पास केलेली आहे आणि रिंग, फट, बेअरिंग सगळं मापात आहे, तर आणि तेव्हाच मॉड्यूल उघडायला द्या.